चौथ्या ठरावाचं कारण

दाजींना मी शेवटचा भेटलो तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. छातीत कळ येऊन गेली होती, म्हणून मुलीनं त्यांना ओसरीवरून आत माजघरात आणून निजवलं होतं. मी पाऊण तास बसलो. बोललो ते बोटीबद्दल, आंब्याबद्दल, माझ्या मुलाच्या परीक्षेबद्दल. गेली दहा वर्षं प्रत्येक भेटीत ते मला एक गोष्ट विचारायचे, ती त्या दिवशी त्यांनी विचारली नाही. मी उठलो तेव्हा मात्र डोळे मिटूनच म्हणाले, "उंबरो उंच आसा हां अण्णा, पाय उचलून टाक." तो उंबरा मी तीस वर्षं ओलांडत होतो. चार दिवसांनी सकाळी कचेरीत पर्जन्यमापकाची नवी वही आखत असताना शिपायानं येऊन सांगितलं, की दाजी पहाटे गेले.

या पुरवणीच्या वाचकांना दाजी कोण हे सांगायला हवं. मालवणला बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते, आणि उतारू पडावातून ये-जा करतात. त्या पडावांपैकी एकाचे दाजी तांडेल. बोट आणि पडाव यांच्यामध्ये पाण्याची जी हातभर फट असते तिच्यावरून माणसं पलीकडे नेणं हा त्यांचा धंदा. प्रत्येक उतारूला ते तेच सांगत. पडाव वर आला की पाय टाकायचा, खाली जाताना टाकायचा नाही, माझा हात धरायचा, खांदा नाही. मामलेदार असोत की टोपलीवाली म्हातारी, सगळ्यांना तेवढेच शब्द, तेवढ्याच आवाजात. मी एकदा वैतागून म्हटलं, "दाजी, मी महिन्यातून दोनदा जातंय. माका म्हायत आसा." ते म्हणाले, "तुका म्हायत आसा रे. तू दोनदा जातंस ता लाटेक खंय म्हायत आसा?" त्यांच्या पडावातून तीस वर्षांत एकही माणूस पाण्यात पडला नाही. हा आकडा मी धक्क्यावरच्या तीन जुन्या माणसांना वेगवेगळं विचारून खात्री करून घेतलेला आहे.

हेच दाजी आमच्या मे महिन्यातल्या हुतूतूच्या सामन्यांचे पंच होते, आणि मी स्पर्धेचा चिटणीस व गुणलेखक. आमचं मैदान म्हणजे ओहोटीनंतरची घट्ट वाळू. तिथे चुन्याची रेघ टिकत नाही, म्हणून काथ्याचं सुंभ ताणून खुंट्या ठोकायच्या. सामना सुरू होण्याआधी दाजी दोन्ही संघांचे चौदाही गडी मधल्या रेषेवर बोलावत, वाळूत बसवत, आणि पडावातल्यासारखंच एकेक सांगत. "आयका रे पोरांनो. सुंभावर पाय पडलो काय बाद. कोणाचो गळो धरूचो नाय, तोंडार हात ठेवूचो नाय. शिट्टी वाजली काय हात सोडूचो. कोणाक काय विचारूचा आसा तर आत्ताच विचारा, मगे माका ऐकाक येवचा नाय." यात दहा मिनिटं जात. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे, कमीत कमी आठ, जास्तीत जास्त चौदा. पोरं चेष्टा करत. त्यांत सगळ्यात पुढे भिवा. तो तोंडवलीचा रापणकर. किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढून ओढून त्याच्या मांड्या माडाच्या खोडासारख्या झाल्या होत्या. तो ओरडायचा, "दाजी, सामनो आसा की लगीन? मंगलाष्टकां किती रवली?" सगळे हसत, दाजीही हसत, आणि राहिलेलं सांगून पूर्ण करत.

मला हा प्रकार पसंत नव्हता. याचं कारण वैयक्तिक नव्हतं, हिशेबी होतं. दाजींच्या सांगण्यामुळे तंटे वाढतात असं मला दिसत होतं. एका वर्षी सुंभ वाळूखाली गेलं, एका गड्याचा पाय त्यावर पडला, दाजींनी त्याला बाद दिलं. गडी म्हणाला, "तुमी सुंभ म्हटलास. माका सुंभ दिसूक नाय, मगे मी बाद कसो?" त्यावर अर्धा तास गेला, भरती जवळ आली, आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं ते झालंच. मी तीन वर्षं तंट्यांची नोंद ठेवली. दाजींनी पंच म्हणून केलेले सामने सतरा, त्यांत तंटे तेवीस. आमचे दुसरे पंच, शाळेतले ड्रिल मास्तर, आधी कुणाशी एक अक्षर बोलत नसत. त्यांचे सामने चौदा, तंटे सहा. आकडे बरोबर होते, आजही बरोबर आहेत. संयुक्त महाराष्ट्र होण्याच्या दोन वर्षं आधीच्या त्या मे महिन्यात, स्पर्धेच्या तोंडावर, मी ते बैठकीत वाचून दाखवले.

बैठकीला आम्ही सातजण होतो. ड्रिल मास्तर म्हणाले, "पंच म्हणजे न्यायाधीश. न्यायाधीश आरोपीला घरी बोलावून सांगतो का, की एवढं केलंस तर शिक्षा आहे आणि एवढ्याला नाही? नियम छापलेले आहेत. वाचावेत." हे मला पटलं. त्याच वर्षी मुंबईहून नवी छापील नियमावली आली होती. तीत सीमेचे, वेळेचे, पकडींचे बरेच नियम आमच्या इथल्या खेळाहून वेगळे होते. दाजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मग म्हणाले, "न्यायाधीश चोरी झाल्यार येता. मी चोरी होवच्या आधीपासून थयसर उभो आसतंय. मगे गप कसो रवू?" मी ठराव मतास टाकला, कारण माझ्या कागदावर तेवीस आणि सहा हे आकडे होते आणि त्यांच्याजवळ आकडा नव्हता. चौथा ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी झाला. पंचाने सामन्यापूर्वी अथवा सामन्यादरम्यान खेळाडूंस नियमांविषयी सूचना देऊ नये. 'सामन्यादरम्यान' हा शब्द मी घातला. ठरावात फट राहू नये, म्हणून.

त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंतचे सामने ड्रिल मास्तरांनी केले, अंतिम सामना रिवाजाप्रमाणे दाजींकडे होता. एका बाजूला सुट्टीवर आलेल्या चाकरमान्यांचा संघ, दुसऱ्या बाजूला रापणकरांचा. भिवा त्या वर्षी पहिल्यांदाच उतरत होता, कारण आदल्या दिवसापर्यंत रापण चालू होती. भिवाची एक पकड सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होती. तो वाळूत आडवा पडायचा आणि चढाई करणाऱ्याचा पाय आपल्या दोन पायांच्या कात्रीत धरायचा. आम्ही तिला कैची म्हणत होतो. आमच्या खेळात ती चालायची, लोक तिच्यासाठी लांबून यायचे. नव्या नियमावलीत ती धोक्याची पकड म्हणून बंद झाली होती. नियमांची नक्कल आणि तिच्याखाली चौथा ठराव, दोन्ही मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून मैदानाजवळच्या खांबाला चिकटवली होती. भिवाला वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं… इतकंच इथे लिहितो.

साडेचारला दाजी शिट्टी गळ्यात घालून मधल्या रेषेवर आले. चौदाही गडी सवयीनं त्यांच्याभोवती गोळा झाले आणि खाली बसले. दाजी काही बोलले नाहीत. ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. एक मिनिट गेलं असेल. भिवा म्हणाला, "आज मंगलाष्टकां नाय काय, दाजी?" या वेळी कुणी हसलं नाही. दाजींनी मान वळवून माझ्या टेबलाकडे पाहिलं, मग हातानंच गड्यांना उठून जागा घ्यायची खूण केली. त्यांनी ठराव का पाळला, हे मला कधी विचारावं लागलं नाही. दुसऱ्यांनी नियम पाळावा म्हणून जो माणूस शिट्टी वाजवतो, त्याला स्वतःवर घातलेला नियम मोडता येत नाही. त्यांचा तो स्वभाव मी ओळखून होतो, किंबहुना त्यावरच विसंबलो होतो.

पहिला डाव मी लिहिलेल्या सामन्यांपैकी सगळ्यात चुरशीचा. चाकरमान्यांचा सदा म्हणून एक उंच, सडसडीत पोर होता, गोदीत नोकरीला. तो भिवाच्या बाजूला न जाता दुसऱ्या कडेनं चढाई करून गुण नेत होता. भिवा दोनदा वाळूत झेपावला, दोनदा सदाचा पाय विताभरानं सुटला. दोन्ही वेळा दाजींचा हात शिट्टीकडे गेला आणि खाली आला, कारण पकड झालीच नव्हती, मग वाजवायचं कशासाठी? बायका ओल्या वाळूच्या कडेपर्यंत येऊन उभ्या होत्या. प्रत्येक झेपेला त्यांच्यातून एक हुंकार उठायचा. मध्यंतराला गुण होते चौदा-तेरा, चाकरमानी एकानं पुढे.

मध्यंतराच्या पाच मिनिटांत दाजी माझ्या टेबलाशी आले. बाकीचे पंधरा-वीस पावलांवर पाणी पीत होते. दाजी खाली वाकून हळू म्हणाले, "अण्णा, भिवाक एक शब्द सांगूक देतंस? कैचीचो. तेका म्हायत नाय."

दाजींशी मी जन्मभर मालवणीत बोललो. त्या वेळी मात्र माझ्या तोंडून कचेरीतली भाषा आली. "ठराव झालेला आहे, दाजी. मध्यंतर हा सामन्याचाच भाग आहे."

"पानी येवक अजून पाऊण तास आसा. एक शब्द."

"वेळेचा प्रश्न नाही."

"मगे कसलो?"

मी गुणपत्रकावर मान घातली आणि चौदा व तेरा यांची बेरीज तपासली. सत्तावीस. ती आधी दोनदा तपासून झाली होती. मान वर केली तेव्हा दाजी मैदानाकडे परत चालले होते.

दुसरा डाव सुरू झाल्यावर सातव्या मिनिटाला सदा चढाईला आला. या वेळी त्याला भिवाच्या बाजूनंच जावं लागलं, दुसऱ्या कडेला गडी उरला नव्हता. भिवा आडवा झाला आणि त्याच्या पायांची कैची सदाच्या गुडघ्याला बसली. शिट्टी वाजली. मी आजवर ऐकलेल्या शिट्ट्यांत ती सर्वांत लवकर वाजलेली शिट्टी होती, पण तिच्याही आधी दुसरा आवाज झाला होता, सुकं वल्हं मोडावं तसा. सदा ओरडला नाही. तो वाळूत बसून आपल्या पायाकडे बघत राहिला, कारण पाऊल भलत्याच दिशेला होतं. भिवा उठला, दोन पावलं मागे सरला. "मी काय केलंय? दाजी, मी काय केलंय? नेहमीचीच तर…" दाजी गुडघ्यावर बसून सदाचं डोकं मांडीवर घेत होते. वर न बघता म्हणाले, "तू काय करूक नाय." भिवानं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो लोकांतून वाट काढत किनाऱ्यानं चालत गेला, आणि त्यानंतर कधीही मैदानात उतरला नाही. लोकांनी त्याला 'पाय मोडणारो' हे नाव दिलं. ते मी माझ्या कानांनी बाजारात ऐकलं आहे, एकदा नाही.

सदाला मोसमातल्या शेवटच्या बोटीनं मुंबईला इस्पितळात नेलं. मी धक्क्यावरून बोटीपर्यंत दाजींच्या पडावात बरोबर गेलो. पायाला फळ्या बांधलेल्या, म्हातारी आई शेजारी. बोटीच्या शिडीशी पडाव लागला तेव्हा दाजींनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "पडाव वर इलो काय पाय…" आणि थांबले. वल्हं दुसऱ्याच्या हातात दिलं, सदाला दोन्ही हातांवर उचललं, लाट यायची वाट पाहिली आणि त्याला वर दिलं. सदा पुढे काठीच्या आधारानं चालू लागला, पण गोदीचं काम त्याला करता आलं नाही. एका दुकानात बसून राहायची नोकरी लागली. त्याची चौकशी मी दर वर्षी करत आलो.

त्या पावसाळ्यात मी माझी तीन वर्षांची वही पुन्हा काढली. तंट्यांचा रकाना होता. दुखापतींचा रकाना मी आखलेलाच नव्हता. आठवून आठवून, गड्यांच्या घरी जाऊन विचारून मी तो भरला. ड्रिल मास्तरांच्या चौदा सामन्यांत हात मुरगळणं, खांदा निखळणं, दात पडणं, अशा नऊ. दाजींच्या सतरा सामन्यांत एक. तेव्हा मला कळलं, की दाजींच्या सामन्यात पोरं भांडत, कारण त्यांना नियम माहीत असत आणि ती तोंडानं भांडत. दुसरीकडे तोंडं गप्प असत. मी मोजलं ते बरोबर मोजलं होतं. काय मोजायचं, ते चुकलं होतं.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत चौथा ठराव रद्द करा असं मीच मांडलं. सर्वानुमते रद्द झाला. दाजी म्हणाले, "कारण लिव." मी इतिवृत्तात 'कारण' हा शब्द लिहिला, पुढे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आणि म्हटलं, नंतर नीट शब्दांत लिहितो. दाजींना माझ्याकडून काय लिहून हवं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मध्यंतरातलं ते बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं, आणि दाजींनी ते बाहेर काढलं नव्हतं. ते पुन्हा पंच झाले, पुन्हा गड्यांना वाळूत बसवून सांगू लागले. त्यांच्या सांगण्यात पहिलं वाक्य तेवढं नवं होतं, "पयली गोष्ट. कैची नाय." आणि दर वर्षी बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून झालं की ते विचारत, "चार नंबराचा कारण लिवलंस, अण्णा?" लोकांना ती दाजींची गंमत वाटायची. मी म्हणायचो, "लिवतंय." रस्त्यात भेटले तरी तेच, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात असतानाही तेच. शेवटच्या भेटीत मात्र… मी घरी येईपर्यंत वाट बघत होतो, जणू मागून हाक मारून विचारतील.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या दोन ओळी भरल्या. लिहिलं ते असं: 'पंचांनी मध्यंतरात खेळाडूस धोक्याच्या पकडीविषयी सावध करण्याची परवानगी मागितली होती. चिटणिसाने ती नाकारली. सात मिनिटांनी दुखापत झाली. दोष खेळाडूचा नव्हता व पंचाचाही नव्हता.' खाली सही केली. मग वही घेऊन तोंडवलीला गेलो, कारण हे छापून आलं तरी भिवाला वाचता येणार नाही, आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. तो घरासमोरच्या खळ्यात जाळं दुरुस्त करत बसला होता. डोक्याचे केस निम्मे पांढरे. मी उभ्यानंच वाचलं.

त्याच्या हातातली सुई थांबली. "दाजीन इचारल्यान तुका?"

"व्हय."

"आणि तू नको म्हटलंस."

"व्हय."

त्यानं मला बस म्हटलं नाही, आणि मी बसलोही नाही. मग तो म्हणाला, "लोक म्हणायचे ठराव झालेलो. माका खरा वाटूक नाय. दाजी ठरावाक भियेणारो माणूस न्हय. माका वाटला, मी आदल्या वर्सा मंगलाष्टकां म्हणान चिडवलंय, त्याचो तेंका राग इलो, म्हणान ते गप रवले. अकरा वर्सां मी तेंच्या पडावात पाय ठेवूक नाय. मुंबैक गेलंय तर दुसऱ्या पडावान." त्यानं सुई पुन्हा जाळ्यात घातली. "तू जा आता, अण्णा."

मी गेलो. त्यानं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं काही झालं नाही.

परवा या वर्षीचे सामने सुरू झाले. ड्रिल मास्तर आता निवृत्त आहेत. नवे पंच तालुक्याबाहेरून आलेले, तरुण, नियम तोंडपाठ. मी चारला मैदानावर पोचलो तेव्हा सुंभ ताणायचं काम चाललं होतं. दाजींच्या मुलीनं त्यांच्या पडावातल्या सुंभाची वेटोळी आणि खुंट्या पाठवल्या होत्या, आणि खुंट्या ठोकणारा माणूस भिवा होता. मी त्याच्याशी बोललो नाही, त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं दोन्ही संघ मैदानात आले आणि कुणी न बोलावता मधल्या रेषेवर जाऊन वाळूत बसले. चौदाच्या चौदा. पंच गोंधळले. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, गडी उठेनात, तेव्हा त्यांनी टेबलाकडे, माझ्याकडे पाहिलं. मला उठायचं होतं. मी गुणपत्रकाच्या कडा सरळ करत राहिलो…

भिवानं शेवटची खुंटी ठोकली, हातातला दगड खाली टाकला आणि सुंभ ओलांडून आत गेला. अकरा वर्षांनी. चौदा गड्यांसमोर उभा राहिला, घसा साफ केला.

"आयका रे पोरांनो. पयली गोष्ट. कैची नाय."

एक पोरगा मागून ओरडला, "मंगलाष्टकां किती आसत, भिवाकाका?" सगळे हसले. भिवा थांबला, त्या पोराकडे पाहिलं, आणि राहिलेलं सांगून पूर्ण केलं. गुणपत्रकात यासाठी रकाना नाही. मी समासात वेळ लिहिली. अकरा मिनिटं.